चारी चाकांचा बिरेक

आमचे घरमालक राहायचे चौथ्या घरात, पण मोटारीतून उतरायचे सातव्या घराशी. सातवं घर सोनाराचं. गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला की सोनार ओट्यावरची शेगडी उचलून आत नेई आणि त्याची बायको उन्हात घातलेल्या कुरड्यांची चादर गोळा करी. मग मोटार चौथं घर ओलांडे, पाचवं ओलांडे, सहाव्यापाशी विचारात पडल्यासारखी रेंगाळे आणि सोनाराच्या ओट्याला नाक लावून उभी राही. मालक शांतपणे उतरत, "काय सोनार, तब्येत बरी हाये ना?" असं विचारत, जणू त्याच कामासाठी आले होते, आणि तीन घरं पायी मागे येत. सोनाराची तब्येत इतक्या नेमानं त्याच्या जावयानंही कधी विचारली नसेल.

मी अमरावतीहून रिसोडच्या शाळेत गणित आणि चित्रकला शिकवायला आलो, तेव्हा त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. दुसरं महायुद्ध अजून लांब होतं. गावात मोटारी इनमीन दोन. एक वाशीमला जाणारी सर्व्हिस मोटार आणि दुसरी मालकांची. ही बंद डब्याची, चार दारांची, अख्खं कुटुंब मावेल अशी. विलायतेला परत निघालेल्या अकोल्याच्या एका साहेबाकडून त्यांनी ती जुनी विकत घेतली होती.

"मास्तर," त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "साहेबानं पयल्या दिवशी मोटर सुरू कराचं शिकवलं. दुसऱ्या दिवशी चालवाचं शिकवलं. तिसऱ्या दिवशी थांबवाचं शिकवणार होता, त् त्याची बोट निंगाली."

दोष सगळा शिकवणीचा नव्हता. त्या जुन्या मोटारीला ब्रेक होते ते फक्त मागच्या दोन चाकांना. पायाखालची पट्टी दाबली की मागची चाकं कुरकुरत, घासत, आणि मोटार थांबायचं की नाही ते सावकाश ठरवी. पावसात तर ती मुळीच ऐकत नसे. ब्रेकच्या आतल्या पट्ट्या झिजल्या, तेव्हा मालकांनी गावच्या चांभाराला बोलावून म्हशीच्या कातड्याच्या नव्या पट्ट्या शिवून घेतल्या. "मोटरीचे जोडे शिवले," म्हणून तो चांभार पुढे कितीतरी दिवस मिरवत होता. पण दोन उतार झाले की कातडं तापे आणि असा काही वास सुटे की मोटार येण्याआधी तिचा वास गावात पोहोचे. भोंग्याचा खर्च वाचला, एवढाच त्यातला फायदा.

मालक पन्नाशी ओलांडलेले, उंच, सडसडीत. धोतरावर काळा कोट, पायात पंपशू, आणि मोटारीत काच असूनही डोळ्यांवर धुळीचा चष्मा. शेती भरपूर, ती गडी पाहत. मालक मोटार पाहत. सकाळी गोठ्यात जाऊन ते दहा वेळा भोंगा वाजवीत. कारण विचारलं तर म्हणत, "गाईले सवय पायजे. उद्या रस्त्यात भेटली त् घाबरली नाई पायजे." गाई खरंच घाबरेनाशा झाल्या. इतक्या की रस्त्यात भोंगा वाजला तरी हलेनाशा झाल्या, आणि मालकांच्या अडचणीत आणखी एक भर पडली.

थांबवण्याच्या या रोजच्या झगड्यानं त्यांच्या अंगाला एक खोड लागली होती. समोरच्याचं बोलणं लांबलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात वाशीमहून आलेले एक वक्ते दीड तास आटपेनात. पहिल्या रांगेत बसलेल्या मालकांचा पाय असा काही दाबला जात होता की शेवटी पंपशूचा तळ उसवला. वक्ते थांबले नाहीत ते नाहीतच. "मागच्याच चाकाले बिरेक हाये त्याले बी," मालक उठता उठता म्हणाले.

ही मोटार त्यांनी हौसेनं घेतली असं गाव म्हणे. पण खरं कारण काकू होत्या. काकू म्हणजे मालकीणबाई. त्यांचं माहेर इंझोरी. तिथं त्यांची म्हातारी आई होती, आणि इंझोरी म्हणजे बैलांच्या दमणीनं दोन मुक्कामांची वाट. दमणीचे हिसके काकूंच्या कंबरेला सोसेनात, बैलगाडीत त्या तासाभरात कण्हू लागत. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, घरात ही दोघंच. मालक कधी तोंडानं बोलले नाहीत, पण मोटार आली ती काकूंना आईपाशी न्यायला. आणि मोटार येऊन वर्ष होत आलं तरी इंझोरीला जाणं झालं नव्हतं, कारण वाटेतल्या चढउतारांवर ती थांबेल याची खात्री खुद्द मालकांना नव्हती.

तालीम म्हणून एकदा त्यांनी काकूंना आणि मला घेऊन शिरपूर गाठायचं ठरवलं. जवळचं गाव, जैनांचं जुनं मंदिर, यात्रेकरूंची ये-जा, म्हणून रस्ता बरा. आणि त्या दिवशी नेमका बाजार. गावात शिरताना थोडा उतार लागला आणि समोर कडब्यानं भरलेली बैलगाडी आडवी आली. मालकांनी पायाची पट्टी दाबली. हाताचा दांडा ओढला. भोंगा वाजवला. मग काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "सरका! सरका! मोटर थांबून राह्यली!"

मोटार थांबून राहिली होती हे खरंच. फक्त तिचं थांबणं पुरं व्हायला वेळ होता. ते पुरं झालं कडब्याच्या पोटात. गाडीवान खाली उतरला, कडब्यातून फक्त मोटारीची मागची बाजू बाहेर दिसत होती तिच्याकडे त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "मालक, कडबा पायजे होता त् सांगाचं होतं. घरी आनून देल्ला असता."

आम्ही हसलो असतो, पण काकूंचा हात समोरच्या बाकावर आपटून मनगट मोडलं होतं. गावातल्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. मालक बाजूला उभे होते, चेहरा चुन्यासारखा. हात बांधून झाल्यावर काकू बाहेर आल्या, रस्त्यावर धुळीत उमटलेल्या चाकांच्या खुणा त्यांनी निरखून पाहिल्या आणि म्हणाल्या, "अवो, मागचीच चाकं घासत आली. पुढची दोन काय पाहुनी हायेत?"

वर्षभर मोटारीशी झुंजणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडला नव्हता.

काकू परतीला मोटारीत बसल्या नाहीत. त्यांनी दमणी ठरवली. "पुढच्या चाकाले बिरेक लागल्याबिगर मी त्या डब्यात बसत नाई," एवढंच बोलल्या. आणि मग मी जे पाहिलं ते रिसोडच्या रस्त्यावरच्या प्रत्येकानं पाहिलं. पुढं दमणी, तीत पाठीला उशी लावून बसलेल्या काकू; मागं बैलाच्या चालीनं चाललेली मोटार. तिला एवढं हळू चालायची सवय नव्हती. दर अर्ध्या तासानं पाणी उकळे, मग मालक खाली उतरून दमणीशी पायी चालत, "दुखते का वं? हिसका बसला का?" विचारत, आणि पुन्हा धावत मागं जाऊन मोटार सुरू करत. काकू पडद्याआडून म्हणत, "तुमी पुढं जा ना." ते म्हणत, "मोटर पुढं गेली त् थांबत नाई."

दुसऱ्या दिवसापासून मालकांनी ध्यासच घेतला. त्या सुमारास नव्या मोटारी चारी चाकांच्या ब्रेकच्या येऊ लागल्या होत्या. अकोल्याच्या भंगारवाल्याकडे तसली एक मोटार झाडावर आदळून पडली होती. तिचा पुढचा आख, दोन्ही चाकांच्या ब्रेकसकट, मालकांनी बैलगाडीतून आणवला. बसवायचं काम कापसाच्या जिनिंगमधल्या मिस्त्रींकडे. मिस्त्री साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, स्वभावानं मोठे सबुरीचे. त्यांनी आखाला तीन प्रदक्षिणा घातल्या.

"बन जाएगा मालक. मगर दोन बोटं चौडा है."

"कोण?"

"आख. तुमची मोटर पतली, हा आख मोटा."

"काप मग."

"कापलेला लोहा और बोललेली बात, दोनों वापस नहीं आते. पयले नाप लेऊ द्या."

माप घ्यायला मला धरलं, कारण मी गणिताचा मास्तर. महिनाभर गोठ्यात भाता पेटलेला, हातोड्याचे ठोके, आणि मी पाटीवर आकृत्या काढतोय. गावाला वेगळीच चिंता. पोस्टमास्तर रोज संध्याकाळी येऊन सांगत की पुढची चाकं अडवली की मोटार कोलांटी मारणार. घोड्याचे पुढचे पाय बांधून चाबूक मारला तर काय होईल, तसंच. मालक अस्वस्थ झाले. मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, गणितात पाहून सांगा. उलटते का?"

मी दोन रात्री आकडेमोड केली. "गणितात उलटत नाही," मी सांगितलं.

"आन् रस्त्यात?"



पहिल्या चाचणीत मोटार उलटली नाही. पण उजवं चाक आधी अडलं आणि डावं मागून, त्यामुळे मोटार झर्रकन वळून सरळ कुणाच्यातरी मेथीच्या वाफ्यात जाऊन बसली. मिस्त्री म्हणाले, चारी चाकांना ओढ सारखी पाहिजे, आणि मोटारीत बसतील तेवढ्या वजनानिशीच ती जुळवायला हवी. माणसं कोण बसणार? म्हणून ज्वारीची पोती आली. मालकांनी पोत्यांना खडूनं नावं घातली. पुढं माझं पोतं, मागं थोरल्या मुलीचं, धाकट्या जावयाचं. शेवटी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि अगदी नरम आवाजात विचारलं, "ऐकतं का वं, तुझं वजन किती असंन?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "मले पोत्यात मोजता?"

मालकांनी अंदाजानं पोतं भरलं. ते काकूंनी ओसरीतून पाहिलं, बाहेर आल्या, आणि दोन पायल्या ज्वारी काढून घेऊन आत गेल्या.

त्यानंतर पंधरा दिवस आम्ही पैनगंगेकडे जाणाऱ्या उतारावर होतो. मिस्त्री मोटारीखाली, मालक स्टिअरिंगच्या चाकावर, आणि मी दोरी घेऊन चारी चाकांच्या खुणा मोजतोय. तारा ताणायच्या, ढिल्या करायच्या, पुन्हा वरून यायचं. एके दिवशी चारी खुणा सारख्या लांबीच्या भरल्या. मालकांनी दोरी माझ्या हातातून घेऊन स्वतः दोनदा मोजली, आणि मिस्त्रींना मिठी मारली. मिस्त्रींच्या काळ्या हातांचे ठसे त्यांच्या कोटावर उमटले. तो कोट त्यांनी धुवायला टाकला नाही.

पण काकूंची परीक्षा वेगळी. त्यांचा हात तोवर जुळला होता. त्या उतारावर आल्या त्या घरातली पितळी घागर घेऊन. उताराच्या पायथ्याशी रस्त्याच्या मधोमध घागर ठेवली आणि म्हणाल्या, "हिच्या अलीकडं थांबवा."

पहिली घागर गेली. मालकांनी घाबरून पट्टी उशिरा दाबली. घागर चपटी होऊन ताटासारखी झाली. काकूंनी ती उचलली, बाजूला ठेवली आणि दुसरी आणायला गडी पाठवला. दुसरीला नुसता धक्का लागला, पण ती गडगडत जी निघाली ती थेट नदीत. तिसरी घागर जागच्या जागी राहिली. मोटार तिच्यापासून हातभर अंतरावर उभी. पोतीसुद्धा जागची हलली नव्हती.

मालकांनी उतरून मागचं दार उघडलं. "बस आता."

काकू जागच्या हलल्या नाहीत. "घागर पितळेची हाये. तिच्यावर मोटर आनताना तुमचा जीव वरखाली होत नाई. घागर काढा. तठी मी उभी राह्यतो."

"नाई."

"काहून?"

"नाई म्हंजे नाई."

"म्हंजे तुमचाच भरोसा नाई बिरेकवर. अन् मले इंझोरीपर्यंत न्याले निंगाले."

मालक मोटारीपुढं गेले, घागर उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली आणि तिच्या जागेवर स्वतः उभे राहिले.

"मिस्त्री, गाडी वर न्या. आन् येऊ द्या."

"मालक, मजाक नका करू."

"मजाक नाई. न्या."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मालकांकडे. मिस्त्री काहीतरी पुटपुटत मोटार वर घेऊन गेले आणि उतारावरून आले. पण आले ते वरातीच्या चालीनं, आणि मालकांपासून दहा गाड्यांच्या अंतरावरच थांबले.

मालक भडकले. "हे थांबनं झालं? अशी त् पयले बी थांबत होती! हा बिरेक नाई, हा तुमचा भेकडपना हाये. जोरानं आना. मी शिरपुरात होतो तितक्या जोरानं."

मोटार पुन्हा वर गेली. या वेळी मिस्त्री खरंच आले. उतारावर धूळ उडाली, इंजिनाचा आवाज वाढत गेला. मालक रस्त्याच्या मधोमध, हात पाठीमागे, डोळे उघडे. गणितात मी हा मनुष्य कुठंच धरला नव्हता.

आणि तेवढ्यात काकू धावल्या. कंबरेचं दुखणं असलेली ती बाई पदर खोचून रस्त्यात गेली आणि मालकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मालकांनी तिला ढकलायला हात उचलला, पण वेळ राहिला नव्हता. मिस्त्रींचं तोंड काचेमागं उघडं दिसलं. चारी चाकं एकदम करकरली, आणि सगळं धुळीत नाहीसं झालं.

धूळ बसली तेव्हा दोघं तिथंच होती. मोटारीचं नाक आणि मालकांचं धोतर यांच्यात वीतभर जागा होती.

पहिले ओरडले मिस्त्री. दार उघडून ते खाली उतरले. "पागल हो तुम दोनों! मियां पागल, बीवी उससे ज्यादा पागल! मेरा क्या होता? मला काय फाशी देऊन राह्यले का?" मग ते मोटारीच्या पायरीवर बसले आणि दाढी हातात धरून रडू लागले.

मालक काकूंकडे पाहत होते. "तू काहून आलीस?"

"तुमी काहून उभे होते?" काकू म्हणाल्या. पदरानं त्यांनी मालकांच्या कोटावरची धूळ झटकली, चष्मा सरळ केला आणि मोटारीकडे चालू लागल्या. "बसतो मी आता."

इंझोरीची गोष्ट इथंच सांगून टाकतो. पुढच्या आठवड्यात ती दोघं इंझोरीला गेली आणि काकू महिनाभर आईपाशी राहिल्या. जाण्याआधी मालकांनी माझ्याकडून मोटारीच्या पाठीवर रंगानं लिहून घेतलं: 'सावधान! हे मोटर एकदम थांबते.' मागून येणाऱ्या बैलांना वाचता येत नव्हतं, हे मी सुचवून पाहिलं. "बैल नाई वाचत, पण गाडीवाल्याले वाचून दाखवाले कोनी ना कोनी भेटंन," ते म्हणाले. चारी ब्रेक हाती आल्यावर ते वाटेत कोंबडी दिसली तरी थांबत, वाऱ्यानं पाचोळा आडवा गेला तरी थांबत, आणि थांबल्यावर समाधानानं मागं वळून पाहत. माझी बदली झाली तोवर त्यांनी रिसोडच्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक झाडाखाली एकदा तरी ब्रेक लावून पाहिला असेल.

पण मला आठवतो तो त्या घागरीच्या दिवशीचा परतीचा रस्ता. माझं आणि काकूंचं पोतं उतरवलं, आणि काकू मागच्या बाकावर बसल्या. मालक चाकापाशी बसायला गेले, पण त्यांचे पाय इतके लटपटत होते की पट्टीवर ठरेनात. दोनदा प्रयत्न करून त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी डोळे पुसले आणि चाक हातात घेतलं. मी त्यांच्या शेजारी. उरलेल्या पोत्यांनी मागचा अर्धा बाक अडवलेला, त्यामुळे मालकांना जागा उरली ती काकूंच्या शेजारीच. ते जरा घुटमळले आणि बसले.

रिसोडच्या बाजारातून मोटार चालली तेव्हा माणसं दुकानांतून बाहेर आली. दिवसाढवळ्या नवराबायको एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेली गावानं कधी पाहिली नव्हती. पोस्टमास्तर पानाच्या दुकानापाशी उभे होते, त्यांचा हात चुन्याच्या डबीतच राहिला.

"अवो, पोत्याकडं सरका थोडसे," काकू हळूच म्हणाल्या. "लोक पाहून राह्यले."

"पाहू दे," मालक म्हणाले. ते सरकले नाहीत.

काकूंनी हात लांब करून आपल्या बाजूची काच खाली केली. "मिस्त्री, अठीच थांबवा," त्या म्हणाल्या, आणि बसल्या जागेवरून भाजीवालीला मोठ्यानं विचारलं, "काय वं, वांगे कसे देल्ले?"